पैसा दुसऱ्याचा, जबाबदारी तुमची

आज पदवी घेणाऱ्या तरुण मित्रमैत्रिणींनो,

तुमच्यापैकी कितीतरी जण आता बँकेत, विमा कंपनीत, म्युच्युअल फंडात किंवा लेखापरीक्षकाच्या कचेरीत रुजू होतील. तिथे ‘संस्थात्मक गुंतवणूकदार’ हे भारदस्त नाव रोज कानावर पडेल. त्या नावामागे विम्याचे हप्ते भरणारी शिक्षिका आहे, म्युच्युअल फंडात दरमहा एसआयपीचे पैसे भरणारा दुकानदार आहे. २०१५ पासून भविष्य निर्वाह निधीतला काही पैसा शेअर बाजारात जातो, त्यामुळे बाजाराच्या वाटेला कधी न गेलेला कामगारही आज कंपन्यांच्या नफ्यातोट्यात भागीदार आहे. भागधारकांच्या सभेत त्याच्या वतीने बोलणार तुम्ही.

१६ डिसेंबर २००८ रोजी हैदराबादच्या ‘सत्यम’ या सॉफ्टवेअर कंपनीने प्रवर्तकांच्या कुटुंबाशी संबंधित ‘मेटास’ नावाच्या दोन कंपन्या सुमारे १६० कोटी डॉलरला विकत घ्यायचं ठरवलं. संचालक मंडळाने मान डोलावली. संस्थात्मक गुंतवणूकदार मात्र असे खवळले, की काही तासांतच कंपनीला माघार घ्यावी लागली. कंपनीच्या खऱ्या मालकांनी, म्हणजे भागधारकांनी, आवाज उठवला की काय होतं, ते त्या रात्री दिसलं.

पण तो आवाज उशिरा उठला होता. ७ जानेवारी २००९ रोजी अध्यक्ष रामलिंग राजू यांनी पत्र लिहून घोटाळ्याची कबुली दिली. सप्टेंबरअखेरच्या ताळेबंदात रोकड आणि बँकशिल्लक दाखवली होती ५,३६१ कोटी रुपये. त्यातले ५,०४० कोटी अस्तित्वातच नव्हते. त्यावर येणं दाखवलेलं ३७६ कोटींचं व्याजही बनावट. झाकली मूठ सव्वा लाखाची! ही शिल्लक खरोखर आहे का, हे बँकेकडूनच थेट पडताळून पाहिलं असतं, तर मूठ आधीच उघडली असती.

एका कंपनीचा हिशेब देशाला कसा भोवतो, हे २०१८ मध्ये पायाभूत सुविधांना वित्तपुरवठा करणाऱ्या ‘आयएल अँड एफएस’ने दाखवलं. रस्त्यांसारख्या प्रकल्पांतून पैसा वर्षानुवर्षांनी सुटतो. इथे कर्ज मात्र बरंचसं अल्प मुदतीचं. समूहावर सुमारे ९१ हजार कोटींचं कर्ज साचलं, तरी थकबाकी सुरू होण्याच्या काही आठवडे आधीपर्यंत पतमानांकन सर्वोच्च होतं. आयुर्विमा महामंडळ या कंपनीचं सर्वांत मोठं भागधारक होतं. अनेक भविष्य निर्वाह निधींचा पैसा तिच्या रोख्यांत अडकला. बाजार इतका धास्तावला, की इतर वित्त कंपन्यांनाही पैसा उभा करणं जड गेलं. त्याची झळ घर आणि वाहन घेऊ पाहणाऱ्यांपर्यंत पोहोचली.

देशाची आर्थिक वाढ जोरात असते तेव्हा कच्चे हिशेब खपून जातात. म्हणून तेजीतच जास्त चौकस राहा. नफा पाहिलात की रोकड प्रवाह पत्रक उघडा. नफा वाढतोय आणि रोकड येत नाही, तर थांबा. ताळेबंदामागच्या बारीक टाइपातल्या टिपा वाचा. कर्ज किती, याइतकंच ते कधी फेडायचंय हेही विचारा. पतमानांकन हे दुसऱ्याचं मत आहे. स्वतःचं मत बनवा. आणि संस्थेच्या हाती असलेलं मत ठराव वाचूनच द्या.

“एवढं खोलात कशाला जाता?” असं एखादा वरिष्ठ म्हणेल. त्याला नम्रपणे सांगा, “साहेब, पैसा आपला नाही, म्हणून.”