उतारावरचे फरसबंद अंगण
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



चिटणीसबाईंनी मला 'घरचे अंगण' या विषयावर चार शब्द बोलायला सांगितले. अंगण म्हटले की पुस्तकात तुळशीवृंदावन आणि रांगोळी येते. आपल्या वरळी कोळीवाड्यात तुळस आहे, रांगोळीही आहे. पण आपले अंगण हे मुळात कामाचे ठिकाण. जाळी येथेच दुरुस्त होतात, मासळी येथेच निवडली जाते, जवळा येथेच वाळतो आणि लग्नाचा मांडवही येथेच पडतो. मातीच्या अंगणात वाळवलेल्या जवळ्यात वाळू आली की गिऱ्हाईक भाव पाडून मागते. म्हणून फरशी घालावी असे प्रत्येकीला वाटते, आणि त्यात गैर काहीच नाही.

परंतु आपली जमीन सपाट कोठे आहे? गोल्फादेवीचे देऊळ टेकडीवर, आणि त्या अंगाच्या घरांना उतार. उतारावर फरशी घालणे म्हणजे नुसते दगड बसवणे नव्हे. माती थोडेतरी पाणी पिते, फरशी पीत नाही. जे पाणी आजवर जमिनीत मुरत होते, ते सारे खाली धावते. आणि खाली कोणीतरी राहत असते.

आमच्या अंगणाचाच हिशेब सांगते. लांबी वीस फूट, रुंदी बारा फूट, आणि घराच्या उंबऱ्यापासून खालच्या टोकापर्यंत उतार तीन फूट. एवढ्या जागेवर एक इंच पाऊस पडला, तर सुमारे साडेपाचशे लिटर पाणी होते; म्हणजे पंधरा लिटरच्या पस्तीसहून अधिक बादल्या. ५ ऑगस्ट २०२० च्या पावसात कुलाब्याला चोवीस तासांत ३३१.८ मिलिमीटर पावसाची नोंद झाली. तेवढा पाऊस आमच्या अंगणात पडला तर सात हजार लिटरांहून अधिक पाणी होईल. ते कोठे जाणार, हे गवंड्याला बोलावण्याआधी ठरवायला हवे.

आमच्या खालच्या अंगाला ज्या मावशी राहतात, त्यांनी पहिल्याच दिवशी मला बजावले, "फरशी घाल बाई, पण माझ्या चुलीत पाणी येता कामा नये. आले तर तुझे-माझे बोलणे संपले." आमच्या घरातल्यांना मात्र एकच मोठा, सलग ओटा हवा होता. तो केला असता तर खालच्या टोकाला अडीच फुटांहून उंच भिंत मावशींच्या दारासमोर उभी राहिली असती. घरात दोन दिवस वाद झाला. मी म्हटले, "दर्यावर अडचण आली तर पहिली हाक कोणाच्या होडीला मारता? शेजाऱ्याच्याच ना? मग त्याच्या घरात पाणी सोडून आपला ओटा मोठा कसा करायचा?" शेवटी एका ओट्याचे दोन झाले.

ते कसे केले ते सांगते. वरचा ओटा दहा फुटांचा, मग सहा-सहा इंचांच्या तीन पायऱ्या, मग खालचा दहा फुटांचा ओटा, आणि शेवटी साडेसहा इंचांच्या दोन पायऱ्या. प्रत्येक ओट्याला घरापासून बाहेर अडीच इंचांचा ढाळ, म्हणजे फुटाला पाव इंच. याहून कमी ढाळ दिला तर पाणी साचते आणि शेवाळ धरते. सारे जोडले की बरोबर तीन फूट भरतात. समपातळी पाहायला मोठे यंत्र लागत नाही. पारदर्शक नळीत पाणी भरून दोन टोके दोन ठिकाणी धरली की दोन्हीकडचे पाणी एकाच पातळीला उभे राहते. तेथे खूण करायची आणि खाली मोजायचे. हे काम आपण बायकाही करू शकतो.

भराव एकदम ओतू नये. सहा-सहा इंचांचा थर घालावा, पाणी मारावे, धुम्मसाने ठोकावा, मग पुढचा थर. घाईने भरलेली माती पहिल्या पावसाळ्यात बसते आणि फरशी वाकडी होते. ओट्याच्या कडेच्या भिंतीला पाणी बाहेर पडायला भोके हवीत आणि भिंतीमागे खडी हवी. भिंतीला मातीपेक्षा मातीत साठलेल्या पाण्याचाच दाब अधिक भारी पडतो. २०२० च्या त्याच पावसात मलबार हिलवर बा. गं. खेर मार्गाची संरक्षक भिंत ढासळली आणि माती व झाडे केम्प्स कॉर्नरकडे खाली आली. एवढ्या मोठ्या भिंतीचे जेथे असे होते, तेथे आपल्या वीतभर भिंतीची गोष्ट काय!

समुद्र दारात आहे म्हणून कोणी किनाऱ्यावरची वाळू सिमेंटमध्ये घालू नये. तिच्यातल्या मिठाने लोणा धरतो आणि आत लोखंड असेल तर ते गंजते. फरशी शहाबादी घ्यावी, पण गुळगुळीत घासलेली नको; खवले आणि मासळीचे पाणी सांडले की चकचकीत फरशीवर म्हातारी माणसे घसरतात. काम झाल्यावर निदान सात दिवस गोणपाट ओले ठेवावे. हे सारे शिमग्यानंतर हाती घेतले तर पावसाआधी पक्के होते. माडाच्या बुंध्याभोवती दोन फूट माती उघडी ठेवावी, त्यालाही पाणी प्यायचे असते.

खालच्या टोकाला आम्ही नऊ इंच रुंदीची आडवी मोरी काढली. तिचा ढाळ गल्लीच्या गटाराकडे आहे आणि तोंडाला जाळी आहे, म्हणजे खवले अडकतात आणि रोज झाडून काढता येतात. मोरीपायी आमची जवळजवळ फूटभर जागा गेली. ती गेल्याचे मला वाईट वाटत नाही. पहिल्या मोठ्या पावसात मावशी स्वतः छत्री घेऊन मोरीवर उभ्या राहिल्या, सगळे पाहिले, आणि काही न बोलता घरात गेल्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी आपला जवळा आमच्या ओट्यावर वाळत घालायला आणला. आता दोन घरांचा जवळा तेथे शेजारी-शेजारी वाळतो.

एक गोष्ट आणखी. किनाऱ्यावरच्या बांधकामाला १९९१ पासून केंद्र सरकारचे नियम आहेत. भराव घालण्याआधी महापालिकेच्या जी-दक्षिण विभाग कार्यालयात विचारून घ्यावे. तोडण्यापेक्षा विचारणे स्वस्त पडते.

मैत्रिणींनो, माझी मंडळाला एवढीच विनंती आहे. यापुढे जिला अंगणात फरशी घालायची असेल, तिने आधी वरच्या टोकाला दोन घागरी पाणी ओतावे, खालच्या शेजारणीला बाजूला उभे करावे आणि पाणी कोठे जाते ते दोघींनी मिळून पाहावे. त्या पाहण्याला एक पैसा खर्च नाही, आणि पुढची कितीतरी भांडणे तेथेच मिटतात. मंडळाने यासाठी एक पाण्याची नळी आणि एक मोजपट्टी ठेवावी. जिला लागेल तिने न्यावी आणि परत आणून द्यावी.