तहान लागण्याआधीची विहीर

कोरोनाची लस वर्षभरात आली तेव्हा अनेकांनी शंका काढली. एरवी लशीला दहा-दहा वर्षं लागतात, मग ही इतक्या लवकर कशी? घाई तर झाली नाही ना? या प्रश्नाचं उत्तर ऑक्सफर्ड विद्यापीठातल्या प्राध्यापक सारा गिल्बर्ट यांच्या कारकिर्दीत सापडतं.

गिल्बर्ट १९९४ साली ऑक्सफर्डला आल्या त्या हिवतापावरच्या संशोधनासाठी. १९९८ मध्ये त्यांना तिळं झालं. मुलं सांभाळायला माणूस ठेवायचा तर पगार पुरेना; शेवटी जोडीदारानं आपलं करिअर बाजूला ठेवून घर सांभाळलं. पुढे गिल्बर्ट इन्फ्लुएन्झाकडे आणि मग मर्सकडे वळल्या.

मर्सचा विषाणू कोरोनाच्याच कुळातला. सौदी अरेबियात २०१२ मध्ये तो प्रथम सापडला. त्यावरच्या लशीची युक्ती समजायला सोपी आहे. चिंपांझींना सर्दी आणणारा एक विषाणू घ्यायचा, माणसाच्या शरीरात तो वाढणार नाही असा बदल त्यात करायचा आणि रोगाच्या विषाणूवर जे काटे असतात त्यांचं जनुक त्यात बसवायचं. शरीर तो काटा ओळखायला शिकतं. आजार बदलला, तर वाहन तेच ठेवून माल तेवढा बदलायचा! मर्सच्या लशीची माणसांवरची चाचणी २०१८ मध्येच सुरू झाली होती.

म्हणूनच जानेवारी २०२० मध्ये नव्या विषाणूचा जनुकीय आराखडा जाहीर होताच काम सुरू करता आलं. पैशांसाठी मात्र सुरुवातीला खटपट करावीच लागली. २३ एप्रिलला पहिल्या स्वयंसेवकाला लस टोचली गेली. चाचण्यांचे टप्पे गाळले नव्हते; एरवी निधीची आणि मंजुरीची वाट पाहण्यात जाणारा वेळ वाचला होता. आपल्या पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटनं बनवलेली कोविशील्ड ती हीच. १६ जानेवारी २०२१ पासून ती भारतात दिली जाऊ लागली. रक्तात गुठळ्या होण्याचा क्वचित घडणारा, पण गंभीर दुष्परिणामही त्याच वर्षी लक्षात आला आणि काही देशांनी तरुणांना ही लस देणं थांबवलं. तेही सांगितलंच पाहिजे.

पण मर्सची लस? ती अजूनही बाजारात नाही. रुग्ण थोडे, नफा नाही. पैसा कोण घालणार? पुढची साथ याहून भयंकर असू शकेल आणि तयारीला निधी मिळत नाही, असं गिल्बर्ट यांनी डिसेंबर २०२१ मधल्या व्याख्यानात बजावलं होतं. तहान लागल्यावर विहीर खणू नये, हे आपल्याला लहानपणापासून ठाऊक आहे. २०२० मध्ये जगाला पाणी मिळालं, कारण कुणीतरी आधीच खणत होतं.