गाडी चालू होत नाही, म्हणजे नक्की काय होत नाही?



वसंत व्याख्यानमालेत इंजिनावर बोलायला उभं राहणं थोडं धाडसाचंच. पण हैदराबादेत आपल्यापैकी पुष्कळांच्या दारात अजून जुनी मारुती ८०० उभी आहे, आणि रविवारी पाना हातात घेण्याची हौसही आहे. एप्रिल २०१० मध्ये हैदराबादसह तेरा शहरांत भारत स्टेज-४ चे नियम आले आणि नवी ८०० इथे विकणं मारुतीने थांबवलं. म्हणजे जी आहे ती सांभाळायची. त्यातल्या कार्बोरेटरच्या जुन्या गाडीबद्दलच मी मुख्यतः बोलणार आहे.

शनिवारी गाडी चालत होती. रविवारी बॉनेट उघडून काम केलं आणि संध्याकाळी ती चालू होईना. लगेच संशय कुणावर? बॅटरी म्हातारी झाली, पेट्रोलात भेसळ आहे, गाडीचे दिवसच भरले! अहो, एका दुपारीत गाडी म्हातारी होत नाही. मधल्या वेळात तिला फक्त तुमचा हात लागलाय. तेव्हा तपास तिथूनच सुरू करायचा.

आणि पाना उचलण्याआधी कान लावायचा. गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून किल्ली फिरवा. नुसतं ‘टक्’ झालं किंवा काहीच झालं नाही, तर इंजिनाला अजून दोष देऊ नका. बॅटरीचं टर्मिनल सैल असेल, इंजिन आणि बॉडी यांच्यामधली अर्थची वायर परत लावायची राहिली असेल. बारा व्होल्टची चांगली बॅटरी विश्रांतीत साधारण १२.६ व्होल्ट दाखवते. सेल्फ मारताना काटा साडेनऊच्या खाली कोसळला, तर आधी तिच्याकडे बघा.

सेल्फ फिरतोय, पण नेहमीपेक्षा हलका, सुसाट, अडखळल्याशिवाय? हा आवाज मला सगळ्यात जास्त घाबरवतो. याचा अर्थ सिलिंडरमध्ये दाब धरत नाहीये. टायमिंग बेल्ट उतरवला असेल, तर तो खुणांवर परत बसलेला नाही, असं समजून तिथेच थांबा. पुन्हा पुन्हा सेल्फ मारू नका. चौमहल्ला पॅलेसमध्ये सहाव्या निजामांनी मागवलेली पिवळी रोल्स-रॉइस तुम्ही पाहिली असेल, १९१२ ची. त्या काळच्या सिल्व्हर घोस्टला सेल्फ नव्हता, हँडल मारावं लागे. दाब आहे की नाही, हे मारणाऱ्याच्या मनगटालाच कळायचं. त्याच वर्षी अमेरिकेत कॅडिलॅकने विजेचा स्टार्टर आणला. मनगट सुटलं आणि ते काम कानावर आलं.

आता एक खास किस्सा. आमच्या ओळखीच्या एका निवृत्त गृहस्थांनी ८०० चे प्लग बदलले. सेल्फ व्यवस्थित फिरत होता, पेट्रोल येत होतं, तिन्ही प्लगना करंट होता. पण गाडी एकदा कार्बोरेटरमधून ‘फट्’ करी, एकदा सायलेन्सरमधून ‘धाड’ करी, आणि मरे. सगळं असून चालू का होईना?

८०० ला सिलिंडर तीन. ते पेटतात १-३-२ या क्रमाने. माणसाचा हात मात्र मुकाट्याने १-२-३ लावतो. त्यांनी तेच केलं होतं. पहिल्या सिलिंडरला ठिणगी वेळेवर मिळायची, म्हणून गाडी आशा दाखवायची. दुसऱ्याला मिळायची ती तो हवा-पेट्रोल आत ओढत असताना; इनलेट व्हॉल्व्ह उघडा, म्हणून जाळ कार्बोरेटरकडे. तिसऱ्याला मिळायची ती धूर बाहेर टाकताना. म्हणून धडाका सायलेन्सरमध्ये. म्हणजे दोन आवाजांनीच दोन्ही चुकीच्या वायरींचा पत्ता सांगितला होता! दोन वायरींची अदलाबदल केली, प्लग पुसून सुकवले, गाडी चालू. कार्बोरेटरमधून असा जाळ येत असताना जवळ सांडलेलं पेट्रोल किंवा पेट्रोलची चिंधी नसावी, एवढं मात्र ध्यानात ठेवा.

चिंधीवरून आठवलं. काम करताना धूळ जाऊ नये म्हणून इनटेकच्या तोंडात कापड कोंबतात आणि वर एअर क्लीनर बसवून टाकतात. हवाच नाही, तर काय पेटणार? उतरवलेली व्हॅक्यूमची नळी तशीच लटकत राहणं हा याच जातीचा प्रकार.

इंजेक्शनच्या गाड्यांत किल्ली ऑन केल्यावर मागच्या सीटच्या बाजूने पेट्रोल पंपाची एखाद-दोन सेकंद घरघर ऐकू येते. ती नसेल तर फ्यूज बघा. क्रँक सेन्सरचा प्लग बसवायचा राहिला, तर ठिणगीही नाही आणि पेट्रोलही नाही. स्कॅनर अशा वेळी उपयोगी, पण इनटेकमधली चिंधी तो दाखवणार नाही.

एका वेळी एकच गोष्ट बदला. दोन बदलल्या आणि गाडी चालू झाली, तर कशामुळे झाली हे कायमचं गूढ!

आणि शेवटी गॅरेजला न्यावंच लागलं, तर काय काय खोललं होतं ते उस्तादला सांगून टाका. आपल्याकडे ते लपवण्याची फार हौस. ‘आपोआप बंद पडली हो.’ तो बॉनेटमध्ये डोकावतो, चुकीच्या पान्याने गोल झालेली बोल्टची टोकं बघतो आणि विचारतो, ‘कौन खोला इसकू?’ तिथे खरं बोललात तर तो थेट त्याच जागी हात घालतो. नाही बोललात तर टाकीपासून सुरुवात करतो, आणि त्या प्रवासाची मजुरी तुम्ही देता.

आता तुमचे प्रश्न घेऊ या.