वाफेच्या इंजिनाचा सिलिंडर आणि झडपा : एका प्रश्नाचे उत्तर

(संस्थेच्या वार्षिक स्नेहसंमेलनात पालक व विद्यार्थ्यांपुढे केलेले भाषण)



मी बी.ए., बी.एड. झालेला इतिहासाचा शिक्षक आहे. यंत्रांवर बोलण्याचा माझा अधिकार काय, असे आपणांपैकी काहींच्या मनात आले असेल, आणि ते योग्यच आहे. झाले असे की, मी नववीच्या वर्गात औद्योगिक क्रांती शिकवीत होतो. जेम्स वॅटने लहानपणी किटलीचे झाकण वाफेने उडताना पाहिले आणि त्यातून त्याला वाफेचे इंजिन सुचले, ही गोष्ट आपण सर्वांनी ऐकलेली आहे. मीही ती सांगून मोकळा झालो. तेव्हा मागच्या बाकावरचा एक मुलगा उठून म्हणाला, “सर, झाकण उडताना माझी अम्मी तर रोज बघते. मग तिला का नाही सुचलं इंजिन?”

वर्ग हसला. मीही हसलो. पण घरी गेल्यावर लक्षात आले की, मुलाचा प्रश्न खरा होता आणि माझी गोष्टच खोटी होती. वॅटचा जन्म १७३६ सालचा. त्याच्या जन्माआधी चोवीस वर्षे, म्हणजे १७१२ साली, इंग्लंडमध्ये डडली गावाजवळ थॉमस न्यूकोमेन याने उभारलेले इंजिन खाणीतले पाणी उपसत होते. इंजिन आधीच होते, तर वॅटने केले काय? या प्रश्नाच्या मागे लागलो आणि सिलिंडर व झडपा यांच्यापाशी येऊन पोहोचलो. आज तेच आपल्यापुढे ठेवतो.

न्यूकोमेनचे इंजिन समजायला सायकलचा पंप डोळ्यांपुढे आणा. नळी म्हणजे सिलिंडर, आत वरखाली होणारा दांडा म्हणजे दट्ट्या, आणि दांड्याच्या टोकाला चामड्याचे वॉशर. डडलीचा सिलिंडर उभा होता, २१ इंच व्यासाचा आणि जवळजवळ आठ फूट उंच. खालून वाफ सोडली की सिलिंडर वाफेने भरे. मग आत थंड पाण्याचा फवारा मारायचा. वाफेचे पाणी झाले की ते वाफेच्या सुमारे सतराशेव्या हिश्शाच्या जागेत मावते, म्हणून आत पोकळी होई आणि बाहेरची हवा दट्ट्याला खाली दाबी. म्हणजे जोर वाफेचा नव्हे, हवेचा! मिनिटाला बारा वेळा हे घडे आणि प्रत्येक वेळी दहा गॅलन पाणी वर येई.

आता यातली खोड पाहा. ज्या भांड्यात वाफ भरायची तेच भांडे प्रत्येक फेरीला थंड करायचे. पुढच्या फेरीची वाफ आधी ते थंड लोखंड तापवण्यातच खर्ची पडायची. तवा तापवावा, एक भाकरी टाकावी, मग तवा पाण्यात बुडवावा आणि पुन्हा चुलीवर ठेवावा, तसा हा कारभार. कोळशातल्या उष्णतेचा शंभरावा हिस्साही धड कामी येत नसे. खाणीच्या तोंडाशी रद्दी कोळसा फुकट मिळे म्हणून साठ वर्षे कोणी फारशी ओरड केली नाही.

वॅट ग्लासगो विद्यापीठात मोजमापाची उपकरणे करणारा कारागीर होता. प्राध्यापक नव्हता, पदवीधरही नव्हता. १७६३-६४ च्या हिवाळ्यात न्यूकोमेन इंजिनाची एक छोटी प्रतिकृती त्याच्याकडे दुरुस्तीला आली. सिलिंडर अवघा दोन इंच व्यासाचा. त्याने ती दुरुस्त केली, तरी चार-सहा फेऱ्यांतच ती थांबे, कारण बॉयलर वाफ पुरवू शकत नसे. दुसरा कोणी असता तर “खेळणेच ते” म्हणून परत देता. वॅटने मोजायला सुरुवात केली. एका फेरीला किती वाफ लागते? सिलिंडरात मावते किती? मावते त्याच्या कितीतरी पट वाफ खर्च होते, हे त्याला दिसले. सिलिंडर लहान असला की आतल्या जागेच्या मानाने भिंती जास्त असतात, म्हणून लहान प्रतिकृतीत ही उधळपट्टी जास्त उघडी पडली. एक शेर पाण्याची वाफ सहा शेर थंड पाण्याला उकळीपर्यंत नेऊ शकते, हेही त्याने ताडून पाहिले. इतकी उष्णता त्या वाफेत दडलेली, आणि ती भिंतींवर वाया जात होती.

१७६५ च्या मे महिन्यात त्याला उत्तर सुचले : सिलिंडर कायम गरमच ठेवायचा आणि वाफ थंड करायला शेजारी वेगळे भांडे लावायचे. कल्पना एवढीच. तर मग विद्यार्थी मित्रहो, मला सांगा, १७६५ साली सुचलेले इंजिन खाणीवर चालू व्हायला १७७६ साल का उजाडले?

पुस्तकात सहसा याचे उत्तर नसते. पैशाची अडचण होती, भागीदाराचे दिवाळे निघाले, हे खरे. पण मोठी अडचण सिलिंडरच्या गोलाईची होती. न्यूकोमेनचा सिलिंडर आतून ओबडधोबड असला तरी निभावत असे, कारण दट्ट्यावर थोडे पाणी साचवून ठेवत. फटीतून हवा जाण्याऐवजी पाणी झिरपे. वॅटला तसे करता येईना. पाणी आत उतरले की गरम सिलिंडर पुन्हा थंड, आणि सगळी कल्पनाच पाण्यात! त्याने दट्ट्याभोवती ताग, नमदा, कागद असे नाना प्रकार गुंडाळून पाहिले. वाफ निसटतच राहिली.

हे सगळे मी माझ्या त्या विद्यार्थ्याला सांगितले तेव्हा तो एकदम म्हणाला, “सर, मग रिबोअर का नाही केला?” हा मुलगा शाळा सुटल्यावर मामूच्या गॅरेजमध्ये जातो. रिबोअर म्हणजे काय, हे मला, त्याच्या शिक्षकाला, ठाऊक नव्हते. त्याने मला गॅरेजमध्ये नेऊन स्कूटरचा झिजलेला सिलिंडर दाखवला आणि आतून बोट फिरवायला लावले. मला काहीच जाणवले नाही. त्याला जाणवत होते. “इथं अंडाकृती झालाय,” तो म्हणाला. मामूंनी मापाच्या घड्याळाने तपासून मान हलवली.

त्या काळीही सिलिंडर आतून कातत असत, पण हत्यार एका लांब दांड्याच्या टोकाला बसवलेले असे. जॉन स्मीटन या नामांकित इंजिनियरने केलेल्या यंत्रातसुद्धा कातण्याचे डोके छोट्या चाकांवर सिलिंडरच्या तळावरूनच पुढे सरके. साहजिकच ओतीव लोखंडात जिथे खळगा तिथे हत्यारही खाली जाई. वेडेवाकडे होते तेच गुळगुळीत होऊन निघे. जॉन विल्किन्सन हा लोखंडाचा कारखानदार. १७७४ साली त्याने तोफा कोरण्याच्या पद्धतीचे पेटंट घेतले होते. १७७५ साली त्याने सिलिंडरसाठी नवे यंत्र केले. जाड दांडा सिलिंडरच्या आरपार घातला, दोन्ही टोकांना पक्का आधार दिला, आणि कातणारे डोके त्या दांड्यावरून सरकवले. सिलिंडर दोन्ही बाजूंना उघडा असतो म्हणूनच हे जमले. आता हत्यार लोखंडाच्या खळग्यांचे ऐकेना, दांड्याचे ऐकू लागले. टिपटनच्या कोळसाखाणीसाठी केलेल्या ५० इंच व्यासाच्या सिलिंडरात कुठेही जुन्या शिलिंगच्या जाडीएवढासुद्धा फरक नाही, असे वॅटचा भागीदार बोल्टन याने मोठ्या समाधानाने कळवले होते. शिलिंगची जाडी म्हणजे आपल्या फिटर लोकांच्या भाषेत अर्ध्या सुताहून कमी. आज मामूंच्या गॅरेजमध्ये एवढा फरक राहिला तर गिऱ्हाईक गाडी परत आणून आदळेल. त्या दिवशी मात्र तेवढ्यावर वॅटचे इंजिन उभे राहिले. जुन्या इंजिनाच्या मानाने वाचलेल्या कोळशाच्या किमतीचा एक-तृतीयांश हिस्सा हेच वॅट आणि बोल्टन आपले मोल म्हणून घेत. इतकी त्यांना बचतीची खात्री होती!

मध्येच एक घरची गोष्ट सांगतो. याच मुलाचे अब्बा परीक्षेनंतर दाखला मागायला आले. “सर, आता पुरे झालं. हात बसलाय त्याचा, कमवायला लागू दे.” मी त्यांना विल्किन्सनची गोष्ट सांगत बसलो, ते माझ्याकडे ‘मास्तरांचे डोके ठिकाणावर आहे ना’ अशा नजरेने पाहत राहिले. पण एक विचारले ते पटले असावे : बोटाला अंडाकृती कळते, ती किती हे वहीत मांडायला त्याला कोण शिकवणार? ते म्हणाले, “दहावीपर्यंत बघू.” आणि इथे बसलेल्या दुसऱ्या प्रकारच्या पालकांनाही माझी तक्रार आहे. आपला मुलगा पहिल्या पाचांत आहे म्हणून त्याच्या हाताला ग्रीस लागू न देणारे आपण, वॅटला घरात घेतला असता की नसता?

आता झडपांकडे वळू. झडप म्हणजे वाफेने कधी आत यायचे आणि कधी बाहेर जायचे हे ठरवणारे दार. हम्फ्री पॉटर नावाच्या मुलाने खेळायला वेळ मिळावा म्हणून झडपांना दोऱ्या बांधल्या आणि इंजिन आपोआप चालू लागले, अशीही एक गोष्ट मुलांच्या पुस्तकांत असते. गोड आहे, पण तिला भक्कम पुरावा नाही. किटलीने एकदा फसवल्यावर मी सावध झालो आहे!

पुढे फार चालली ती सरकती झडप. वॅटच्याच कारखान्यातल्या विल्यम मर्डॉकने १७९९ साली तिच्या एका प्रकाराचे पेटंट घेतले. उपड्या ठेवलेल्या वाटीसारखा तुकडा तीन भोकांवरून मागेपुढे सरकतो. बाजूच्या दोन भोकांतून आळीपाळीने वाफ आत जाते, मधल्या भोकातून बाहेर पडते. स्वस्त आणि बिनतक्रार. पण तीत दोन खोडी होत्या. एक, गरम वाफ ज्या वाटेने आत जाई त्याच वाटेने निवलेली वाफ बाहेर येई. वॅटने सिलिंडरातून हाकललेली खोड अशी वाटेत पुन्हा येऊन बसली. दुसरी, उघडणे-मिटणे सगळे एकाच तुकड्याकडे असल्याने एक वेळ बदलली की बाकीच्या वेळाही बिघडत.

वेळेला एवढे महत्त्व का? कारण वाफ दाबलेल्या स्प्रिंगसारखी असते. दट्ट्या पाव अंतर गेला की दार बंद करा. आत कोंडलेली वाफ फुगत फुगत उरलेले अंतर त्याला ढकलत नेते. हिशेबाप्रमाणे पाव वाफेत निम्म्याहून अधिक काम होते. हे वॅटने १७८२ च्या पेटंटात मांडले होते, पण त्याच्या काळच्या कमी दाबाच्या वाफेत त्याचा लाभ थोडा होता. दाब वाढले तेव्हा ती गोष्ट सोन्याची ठरली.

अमेरिकेत प्रॉव्हिडन्स येथे जॉर्ज कॉर्लिस नावाचा गृहस्थ होता. आधी दुकान चालवी. बूट शिवण्याचे यंत्र करता करता इंजिनांकडे वळला. १८४९ साली त्याने पेटंट घेतले ते असे : प्रत्येक सिलिंडरला चार झडपा, दोन आत येण्याच्या आणि दोन बाहेर जाण्याच्या. गरम वाफेची वाट निराळी, निवलेलीची निराळी. आत येणारी झडप खटक्याने सुटून झटकन मिटते, आणि खटका केव्हा सुटायचा हे वेग राखणारा गव्हर्नर ठरवतो. काम जड झाले तर दार थोडे उशिरा बंद, हलके झाले तर लवकर. तोवर वेग आवरायचा म्हणजे वाफेच्या मुख्य नळाचा गळा आवळायचा, एवढेच लोकांना माहीत होते. कॉर्लिसच्या इंजिनाने कोळसा जवळपास तिसऱ्या हिश्शाने कमी लागे आणि चाक एकसारखे फिरे. १८७६ च्या फिलाडेल्फियातील प्रदर्शनात त्याचे १४०० अश्वशक्तीचे इंजिन लोक तासन् तास पाहत उभे राहत.

एकसारख्या फिरण्याचे मोल सूतगिरणीला विचारावे. वेग कमीजास्त झाला की धागा तुटतो. मुंबईत कावसजी दावर यांची पहिली गिरणी १८५६ साली सुरू झाली तेव्हापासून, १९१५ साली खोपोलीची वीज येईपर्यंत, गिरणगाव मुख्यतः वाफेवर चालले; इंजिने विलायतेहून आणि कोळसाही बाहेरून. तिथे वाफेची उधळपट्टी म्हणजे रोकड पैशाची उधळपट्टी होती.

रेल्वेच्या इंजिनाला मात्र कॉर्लिसची नाजूक रचना मानवली नाही. तिथे बेल्जियममधल्या एगीड वॉलशार्ट्स या रेल्वेच्या कर्मचाऱ्याची १८४४ सालची दांड्यांची जुळणी चालली. नोकरीच्या नियमांच्या अडचणीमुळे त्याचा पेटंटाचा अर्ज एका मित्राच्या नावे गेला होता. त्या मित्राने पुढे कधी स्वतःचा हक्क सांगितला नाही, याची मला मौज वाटते. आपल्या देशात ब्रॉडगेजवर १९९५ पर्यंत वाफेची इंजिने धावली, त्यांपैकी डब्ल्यूपी आणि डब्ल्यूजी या जातींच्या चाकांबाहेर हेच दांडे हलताना ज्येष्ठ मंडळींनी पाहिलेले आहेत.

माझ्या विद्यार्थ्याने नंतर आणखी एक प्रश्न काढला. “सर, भिंतीवर वाफेचं पाणी होतं म्हणून एवढा खटाटोप. मग वाफच इतकी तापवायची की पाणी होणारच नाही!” जर्मनीत विल्हेल्म श्मिट याने १८९० च्या दशकात नेमके तेच यशस्वी करून दाखवले, असे मी त्याला सांगितले. पण तेवढ्या तापलेल्या वाफेत सरकत्या झडपेचे तेल जळून जाई, आणि पाठीवर वाफेचा दाब बसल्याने ती कोरडी घासली जाई. तेव्हा तिच्या जागी दट्ट्याच्या आकाराची गोल झडप आली; तिच्यावर वाफेचा दाब दोन्हीकडून सारखा पडतो, म्हणून ती घासत नाही.

मी फळ्यावर तिची आकृती काढली. गोल झडप, भोवती बारीक कडी. तो जवळ येऊन पाहू लागला.

“म्हणजे सर, झडपेलासुद्धा रिंगाच घातल्या!”

“हो,” मी म्हटले, “रिंगाच.”