नाव नसलेले बटन

श्रोतेहो, माझ्या लहानपणी आमच्या गावच्या शाळेत एक शिपाईमामा होते. शाळेच्या पंधरा-वीस किल्ल्यांचा जुडगा सदा त्यांच्या कमरेला असे. कोणती किल्ली कोणत्या खोलीची, हे मामांना अंधारातही कळे. कारण प्रत्येक किल्लीला त्यांनी निराळी खूण केलेली होती. एकीला सुतळी, दुसरीला तारेचा वेढा, तिसरीला पत्र्याचा बिल्ला. एकदा एका हौशी गुरुजींनी जुडगा स्वच्छ करायला घेतला आणि त्या साऱ्या खुणा काढून टाकल्या. किल्ल्या चकचकीत झाल्या खऱ्या, पण दुसऱ्या दिवशी पहाटे मामांना एकही कुलूप धड उघडता येईना.

आज मला बोलायचे आहे ते संगणकाविषयी; संगणकावरून माणसे एकमेकांशी बोलतात त्या सोयीविषयी. विषय यंत्राचा आहे म्हणून बिचकू नका. मी स्वतः भाषेचा मास्तर, एम.ए. झालो तो मराठीत. यंत्रातले जे थोडेफार मला उमगले आहे, ते माझ्या विद्यार्थ्यांनी शिकवलेले आहे. पण ते उमगता उमगता ही जुडग्याची गोष्ट मला पुन्हा पुन्हा आठवली.

अंध माणूस संगणक वापरतो तरी कसा, हे आधी पाहू. त्याच्या संगणकात स्क्रीन रीडर नावाचा एक प्रोग्रॅम असतो. पडद्यावर जे असेल ते हा प्रोग्रॅम मोठ्याने वाचून दाखवतो. अंध माणसाला माउसचा फारसा उपयोग नाही, कारण पडद्यावरचा बाण कोठे आहे हे त्याला दिसत नाही. तो कळफलकावरची टॅबची कळ दाबत एका वस्तूवरून दुसरीवर जातो, आणि प्रत्येक ठिकाणी स्क्रीन रीडर सांगतो : "पाठवा, बटन", "तुमचे नाव, लिहिण्याची जागा." हवे ते ऐकू आले की तो थांबतो आणि काम करतो. सराव झालेली मुले हे इतक्या झपाट्याने करतात की आपल्याला तो आवाज नुसता चिवचिवाट वाटावा.

ही साधने कोणी केली, हे ऐकण्यासारखे आहे. जॉज नावाचा प्रसिद्ध स्क्रीन रीडर 1989 साली अमेरिकेत निघाला. तो काढणारे टेड हेंटर हे मोटारसायकलच्या शर्यतीत भाग घेणारे गृहस्थ. 1978 साली अपघातात त्यांची दृष्टी गेली. पुढे 2006 साली ऑस्ट्रेलियात मायकेल करन या अंध तरुणाने एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर लिहायला घेतला, आणि जेम्स टेह हा त्याचा अंध मित्र त्याला येऊन मिळाला. त्या वेळी असे प्रोग्रॅम फार महाग असत. कधीकधी संगणकापेक्षाही महाग. डोळस माणसाला पडदा वाचायचे पैसे पडत नाहीत, मग अंध माणसाला का पडावेत, असा त्यांचा साधा सवाल होता. एनव्हीडीए आजही कोणालाही फुकट मिळतो. त्याच्याबरोबर ई-स्पीक नावाचा जो आवाज येतो, त्याला मराठीही वाचता येते. उच्चार जरा यंत्रासारखा आहे, पण कान सरावतो.

आता यातली मेख सांगतो. स्क्रीन रीडर चित्र पाहत नाही. मुख्यतः तो दारावर थाप मारून विचारतो : "आत कोण? तुझे नाव काय? तू बटन आहेस की लिहिण्याची जागा? चालू आहेस की बंद?" याचे उत्तर त्या त्या प्रोग्रॅमने द्यायचे असते. प्रोग्रॅम लिहिणाराने बटनावर मायक्रोफोनचे सुरेख चित्र काढले, पण बटनाला नावच दिले नाही, तर उत्तर एवढेच येते : "बटन." पुढचे? "बटन." त्याच्या पुढचे? तेही "बटन." चकचकीत किल्ल्यांचा जुडगा, दुसरे काय!

हे मला कोणी पुस्तकातून शिकवले नाही. 2020 साली टाळेबंदीत कॉलेज बंद होते आणि आम्ही संगणकावरून वर्ग घेत होतो. माझ्या वर्गात एक अंध मुलगी होती. कॉलेजपासून चौदा किलोमीटरवर तिचे गाव. घरी भावाने आणलेला एक जुना टेबलावरचा संगणक, त्यावर ती शिकत असे. मी रोज हजेरी घ्यायचो. तिचे नाव पुकारले की पलीकडून काही नाही. दोन दिवस झाले, आठवडा झाला, महिना झाला. मी रजिस्टरात गैरहजेरी मांडत गेलो. शेवटी एक दिवस सगळ्यांसमक्ष म्हणालो, "अगं, वर्गात येऊन बसतेस आणि नाव घेतलं की गप्प राहतेस. तोंड उघडायला काय होतं तुला?"

त्या दिवशी संध्याकाळी तिचा फोन आला. रडत नव्हती, शांतच होती. म्हणाली, "सर, मी रोज 'हजर' म्हणते. तुम्हांला ऐकू येत नाही का?"

श्रोतेहो, ती महिनाभर रोज "हजर" म्हणत होती आणि तिचा मायक्रोफोन बंद होता. तो बंद आहे हे तिला कळण्याचा काही मार्गच नव्हता. दिवाळीच्या सुट्टीत मी स्कूटरवरून तिच्या घरी गेलो. तिने संगणक सुरू केला, तो वर्गाचा प्रोग्रॅम उघडला आणि टॅब दाबत मला ऐकवले : "बटन, बटन, बटन." सात बटने होती. त्यातले एक मायक्रोफोनचे, एक वर्गातून बाहेर पडण्याचे. ती म्हणाली, "सर, एकदा चुकून बाहेर पडले होते. तेव्हापासून कशालाच हात लावत नाही." मी रजिस्टर बरोबर नेले नव्हते. कॉलेजात परत आल्यावर त्या महिन्याच्या गैरहजेरीवर लाल शाईने रेघ मारली आणि प्रत्येक ठिकाणी सही केली. हजेरी भरली नसती तर तिला परीक्षेला बसता आले नसते.

ही हकीकत मी संगणकशास्त्राच्या दोन विद्यार्थ्यांना सांगितली. ते म्हणाले, "सर, आपणच एक लहानसा प्रोग्रॅम करून पाहू. चित्र नको, नुसता आवाज. वीस-पंचवीस माणसांनी बोलावं एवढाच." असे काम कोणी केलेच नव्हते असे नाही. डेन्मार्कमध्ये तयार झालेला टीमटॉक नावाचा प्रोग्रॅम जगभरचे पुष्कळ अंध लोक वापरतात. पण करून पाहिल्याशिवाय कळत नाही, हेही खरे.

पहिला धडा अर्थातच नावाचा. विंडोजमध्ये बटन, यादी, चौकोन अशा वस्तू तयार मिळतात, आणि स्क्रीन रीडरच्या प्रश्नांना उत्तर देणे त्यांना उपजतच येते. मुलांनी मात्र हौसेने आपली बटने स्वतः रंगवली होती. ती दिसायला झोकदार, पण मुकी! ती काढून तयार बटने बसवली, प्रत्येकाला नाव दिले, आणि निम्मे काम तिथेच झाले.

दुसरा धडा अवस्थेचा. मुलांनी बटनाला नाव दिले "मायक्रोफोन बंद करा". ते दाबले की स्क्रीन रीडर म्हणे, "मायक्रोफोन बंद करा, दाबलेले." आता सांगा, मायक्रोफोन चालू की बंद? आमच्या या विद्यार्थिनीने विचारले, "हे आज्ञा सांगतं की बातमी?" तेव्हा ठरले की नाव बदलायचे नाही. नाव "मायक्रोफोन" एवढेच, आणि पुढे "चालू" किंवा "बंद". शिवाय चालू होताना एक चढता सूर वाजावा, बंद होताना उतरता. आणि कधीही एक ठरलेली कळ दाबली की आपण या क्षणी इतरांना ऐकू जातो आहोत की नाही, हे कळावे. महिनाभर जे तिला कळले नव्हते, ते आता एका कळीवर आले.

तिसऱ्या धड्यात आमची मोठी फजिती झाली. दाबून धरली की बोलता येईल अशी एक कळ हवी होती. मुलांनी कंट्रोलची कळ निवडली, हाताशी असते म्हणून. पण एनव्हीडीएचे वाचन थांबवायचे असले की हीच कळ दाबतात. ती स्क्रीन रीडरला "गप्प बस" म्हणायला जाई आणि तिचा मायक्रोफोन उघडे! मागे चुलीवर दूध उतू चालल्याची तिच्या आईची हाक साऱ्यांनी ऐकली. मग कळ बदलली, आणि ज्याला हवी ती त्याने निवडावी अशी मुभा ठेवली.

चौथा धडा मला सर्वांत मोलाचा वाटतो. तो गप्प राहण्याचा. डोळस माणूस कानाने बोलणे ऐकतो आणि डोळ्याने सूचना वाचतो. अंध माणसाला दोन्ही कामे कानानेच करायची. कोणी आत आले, कोणी गेले, कोणी चिठ्ठी पाठवली, हे सारे स्क्रीन रीडर सांगू लागला तर बोलणाऱ्या माणसाचे बोलणे त्याखाली बुडून जाते. पहिल्या दिवशी पंधरा मुले एकामागून एक आत आली आणि पंधरा वेळा घोषणा झाली. एकाने तर नावापुढे हसऱ्या चेहऱ्यांची पाच चित्रे लावली होती. स्क्रीन रीडरने त्या पाचांचे वर्णन इमानाने वाचले. शेवटी असे ठरले की येण्याजाण्याला एक हलकी टिचकी पुरे. नाव ज्याला हवे त्याने विचारावे. आणि कोणती सूचना बोलायची, कोणती नाही, हे ऐकणाऱ्याने ठरवावे. चांगला सूत्रसंचालकही असाच असतो, नाही का? तो वक्त्याच्या मध्ये बोलत नाही. कानाला हेडफोन लावावा हेही तेव्हाच कळले. नाही तर स्क्रीन रीडरचा आवाज मायक्रोफोनमधून साऱ्यांच्या घरी जातो.

राहिला प्रश्न आवाज पोचण्याचा. खेड्यात इंटरनेटचा भरवसा किती, हे तुम्हांला मी सांगायला नको. बोलणे सेकंदाच्या पन्नासाव्या हिश्शाएवढे तुकडे करून पाठवतात, आणि ओपस नावाच्या पद्धतीने ते आवळून लहान करतात. ही पद्धत 2012 साली प्रमाण ठरली आणि कोणालाही मोफत वापरता येते. सेकंदाला चोवीस हजार बिट धरले तर तासभराचे बोलणे अकरा मेगाबाइटच्या आत बसते, वर पाकिटावरच्या पत्त्यांचा खर्च वेगळा. एखादा तुकडा वाटेत हरवला तर तो पुन्हा मागत बसायचे नाही. शिळा शब्द उशिरा येण्यापेक्षा क्षणभराची खरखर बरी. बोलणे निघाल्यापासून पोचेपर्यंत सेकंदाच्या सातव्या हिश्शाहून फार उशीर झाला, तर माणसे एकमेकांच्या बोलण्यावर बोलू लागतात. चित्रांना फाटा दिला की हे सारे कमकुवत जोडणीवरही पुष्कळसे साधते.

शिक्षकबंधूंना आणि भगिनींना मला एक सांगायचे आहे. ही दयेची गोष्ट नव्हे. आपल्या देशाचा 2016 चा दिव्यांगांच्या हक्कांचा कायदा आहे, आणि माहिती व संपर्काची साधने दिव्यांगांना वापरता आली पाहिजेत असे तो सांगतो. पण कायद्याची वाट न पाहताही एक परीक्षा तुम्हांला घेता येईल. शाळेसाठी संगणकाचा एखादा नवा प्रोग्रॅम आला, की एनव्हीडीए सुरू करा, माउस काढून ठेवा, पडदा बंद करा, आणि पाच मिनिटे नुसत्या कळफलकावर तो चालवून पाहा. "बटन, बटन" असे ऐकू आले तर ज्यांनी तो केला त्यांना पत्र लिहा. कोणत्या बटनाला नाव नाही ते नेमके कळवा. बटनाला नाव देणे हे बहुधा काही मिनिटांचे काम असते. ते राहून जाते, कारण कोणी मागत नाही.

आणि दुसरे असे की, ज्याच्यासाठी वस्तू करायची त्याला करतानाच शेजारी बसवा. आमच्या मुलांनी आठ महिन्यांत जे केले, त्यातल्या निम्म्या गोष्टी या मुलीने नापास केल्या म्हणून ते कामाचे झाले. पुढच्या वर्षीचा वाङ्मयमंडळाचा कार्यक्रम आम्ही त्या प्रोग्रॅमवरच घेतला. मी हजेरी घेत होतो. तिचे नाव पुकारले. उत्तर यायला जरा वेळ लागला, आणि माझ्या पोटात उगाच खड्डा पडला.

मग चढता सूर वाजला आणि ती म्हणाली, "हजर. पण सर, तुमचा आवाज फाटतो आहे, मायक्रोफोन जरा लांब धरा."

मी तो लांब धरला.