कागदाच्या गिरणीतले शब्द
(प्रौढ साक्षरता वर्गाच्या समारोपाच्या वेळी केलेले भाषण)



आज तुमच्या हातात एक कागद आहे. त्यावर तुम्ही आपल्या हाताने आपले नाव लिहिले आहे. काही महिन्यांपूर्वी तुमच्यापैकी पुष्कळांनी तेथे अंगठा उठवला असता. आज अंगठ्याची शाई गेली आणि बोटांत लेखणी आली. ही मोठ्या आनंदाची गोष्ट आहे.

पण आज आम्ही अक्षरांविषयी बोलणार नाही. अक्षर ज्याच्यावर बसते, त्या कागदाविषयी बोलणार आहोत. कागदाच्या गिरणीत कोणते शब्द चालतात, ते सांगणार आहोत.

तुम्ही म्हणाल, "आम्ही शेतकरी माणसं. गिरणीचे शब्द आम्हाला कशाला हवेत?" त्याचे कारण ऐका.

आमच्या एका वर्गाला एक गृहस्थ येत. सारे त्यांना तात्या म्हणत. सुगी संपली की ते कंत्राटदाराबरोबर एका कागद-गिरणीत कामाला जात. एका साली ते परत आले, तेव्हा उजव्या हाताची दोन बोटे नव्हती. आम्ही विचारले, "तात्या, हे कसं हो झालं?"

तात्या म्हणाले, "गुरुजी, दोन रुळांच्या तोंडाशी कागदाचा तुकडा अडकला होता. तो काढायला मी हात घातला. मुकादम लांबून ओरडला, 'निप! निप!' मला वाटलं, 'नीट, नीट' म्हणतोय. म्हणून मी आणखी नीट काढायला गेलो."

मग थोडे थांबून ते म्हणाले, "भिंतीवर पाटी पण होती. पण ती वाचायची कुणी?"

मंडळी, निप म्हणजे काय? दोन रूळ एकमेकांना टेकून फिरतात. एक या अंगाला फिरतो, दुसरा त्या अंगाला. त्यांच्यामध्ये जी चिंचोळी जागा असते ती निप. तेथे जे जाईल ते आत ओढले जाते. कागद असो, बाही असो, की बोट असो.

आता सांगा, ही जागा तुम्ही कधी पाहिली नाही का? गुऱ्हाळात उसाचा चरक असतो. ऊस जेथून आत ओढला जातो, ते चरकाचे तोंड. तीच निप! चालत्या चरकाच्या तोंडात हात घालू नये, हे गावातले पोरसुद्धा जाणते. मुकादम "चरकाचं तोंड!" असे ओरडला असता, तर तात्यांनी झटकन हात मागे घेतला असता. धोका ओळखीचा होता. शब्द तेवढा परका होता.

म्हणून आम्ही ठरवले, की हे परके शब्द घरचे करायचे. तात्या एकेक शब्द सांगत, आम्ही फळ्यावर लिहीत असू. मग वर्गातल्या साऱ्यांनी विचारायचे, "या शब्दाचं काम काय?" काम कळले, की शब्दाचा अर्थ आपोआप कळे. चला, आज तुम्हीही तात्यांबरोबर गिरणीत फिरून या.

कागद कशाचा होतो? झाडाच्या, गवताच्या, चिंधीच्या तंतूंचा होतो. चीन देशात त्साय लुन नावाच्या अधिकाऱ्याने इसवी सन १०५ मध्ये झाडाची साल, चिंध्या आणि जुनी मासेमारीची जाळी यांचा कागद बादशहाला दाखवला, असे तिथले ग्रंथ सांगतात. पुढे ही विद्या देशोदेशी गेली. आपल्याकडे दौलताबादजवळ कागजीपुरा नावाचे गावच आहे. जुन्नरलाही हाताने कागद करणारे कागदी राहत. पुण्यात १९४० साली हातकागद संस्था सुरू झाली. तेव्हा कागद हे काही साहेबाच्या घरून आलेले नवल नव्हे.

गिरणीत मात्र यंत्राने कागद होतो. चंद्रपूर जिल्ह्यात बल्लारपूरला बांबूपासून कागद करणारी मोठी गिरणी उभी राहिली. कुठे उसाची चिपाडे वापरतात, कुठे लाकूड, तर कुठे रद्दी.

पहिला शब्द चिपर. हे यंत्र बांबूचे बारीक तुकडे करते. आडकित्ता सुपारीचे करतो तसे. त्या तुकड्यांना चिप्स म्हणतात.

दुसरा शब्द डायजेस्टर. नाव केवढे मोठे! पण काम कुकरचे. एका प्रचंड बंद भांड्यात चिप्स घालतात. त्यात कॉस्टिक सोड्यासारखे क्षार घालून वाफेवर शिजवतात. आत १६०-१७० अंश उष्णता असते. लाकडातले तंतू एका नैसर्गिक डिंकाने चिकटलेले असतात. त्या डिंकाला लिग्निन म्हणतात. शिजल्यावर हा डिंक सुटतो आणि तंतू मोकळे होतात. यालाच लगदा किंवा पल्प म्हणायचे.

वर्तमानपत्राचा कागद उन्हात पिवळा का पडतो? कारण त्यात बहुधा न शिजवता, लाकूड नुसते वाटून केलेला लगदा असतो. डिंक आतच राहतो, आणि उन्हाने तो पिवळा पडतो.

लगदा काढल्यावर काळे पाणी उरते. त्याला ब्लॅक लिकर म्हणतात. ते नदीत सोडले तर मासे मरतात, पाणी नासते. चांगली गिरणी ते आटवते आणि भट्टीत जाळते. त्यातून वाफ मिळते आणि क्षारही परत मिळतो. या कामाला रिकव्हरी म्हणतात. म्हणजे गेलेले परत मिळवणे. नदीकाठच्या गावाने हा शब्द जरूर लक्षात ठेवावा. "तुमच्या गिरणीत रिकव्हरी आहे का?" असे विचारता आले पाहिजे.

त्यानंतर बीटिंग. म्हणजे लगदा कांडणे. कांडल्याने तंतूंची टोके पिंजतात आणि ती एकमेकांत गुंततात. बेताने कांडला तर कागद बळकट होतो. टीपकागदाचा लगदा फार कांडत नाहीत. म्हणून तो सैल राहतो आणि शाई पितो.

मग फर्निश. म्हणजे सारे मिसळण. लगद्यात पांढरी खडू-माती घालतात, रंग घालतात आणि साइझ घालतात. साइझ म्हणजे आपल्या विणकराची खळ! विणकर सुताला खळ देतो, तशी कागदाला खळ देतात. खळ कमी पडली तर शाई फुटते. तुमच्या वहीत अक्षर पसरले, तर सारा दोष हाताला देऊ नका. दोष खळीचाही असू शकतो.

आता खरे यंत्र. हे यंत्र प्रथम फ्रान्समध्ये लुई रोबेर याने बनवले. त्याला १७९९ साली त्याचा हक्क मिळाला. त्याआधी एकेक ताव हाताने उचलावा लागे. या यंत्रातून अखंड कागद निघू लागला.

यंत्राच्या तोंडाशी हेडबॉक्स नावाची पेटी असते. तीतून पातळ लगदा सांडतो. किती पातळ? शंभर भागांत तंतू एक भागाहून कमी, बाकी सारे पाणी! ताकापेक्षाही पातळ. तो वायरवर पडतो. वायर म्हणजे तार नव्हे बरं का, फिरती लांबलचक चाळणी. पाणी खाली गळते, तंतू वर राहतात.

पुढे प्रेस. म्हणजे पिळणे. ओला कागद फेल्टवर, म्हणजे घोंगडीसारख्या जाड कापडावर, दोन रुळांमधून जातो. तात्यांची बोटे गेली ती जागा हीच. येथे पाटीवर 'निप' हा शब्द असतो. तो पाहिला की हात पाठीमागे घ्यायचा.

पुढे ड्रायर. वाफेने तापलेली लोखंडी पिंपे. कागद एकीवरून दुसरीवर जातो आणि वाळतो. भाकरी तव्यावर वाळते तसा. शेवटी कॅलेंडर. येथे एक आजी म्हणाल्या, "कॅलेंडर आमच्या भिंतीवर पण आहे की!" साऱ्यांना हसू आले. आजी, हे कॅलेंडर वेगळे. हे गुळगुळीत जड रूळ. कागदाला इस्त्री करतात.

मध्येच कागद फाटला तर त्याला ब्रोक म्हणतात. तो फेकत नाहीत. पुन्हा लगद्यात टाकतात. वाकडी झालेली भाकरी बाई पुन्हा पिठात मळते, तसे. रद्दीचेही तसेच. पण दर खेपेला तंतू थोडा आखूड आणि दुबळा होतो. म्हणून त्यात नवा लगदा मिसळावा लागतो.

आणखी एक पाटी तुम्ही कधी विसरू नका. ती म्हणजे 'बंदिस्त जागा'. लगद्याच्या टाक्या आणि खड्डे बंद असतात. आत लगदा कुजला की विषारी वायू होतो. त्याचा वास आधी सडक्या अंड्यासारखा येतो. पण वायू जास्त झाला की नाकच बधिर होते आणि वास येईनासा होतो. माणसाला वाटते, वायू गेला. तो आत उतरतो आणि कोसळतो. त्याला काढायला भाऊबंद उतरतो, तोही कोसळतो. अशा अपघातांत माणसे मेली आहेत. म्हणून आतली हवा तपासल्यावाचून, लेखी परवाना घेतल्यावाचून आणि वर दुसरा माणूस उभा केल्यावाचून कोणी खाली उतरू नये. कोणी "उतर रे, काही होत नाही" म्हणाला, तरी उतरू नये. पाटी वाचणाऱ्या माणसाने "नाही" म्हणायला शिकावे.

आता कामाचा धोका सोडून, दुकानातल्या पैशाकडे येऊ. येथेही शब्द लागतात.

कागदाचा एक तुकडा तो ताव. जुन्या मापात चोवीस तावांचा एक दस्ता. वीस दस्त्यांचा एक रीम, म्हणजे ४८० ताव. आज रीम ५०० तावांचा धरतात. तेव्हा घेताना विचारा, "रीम किती तावांचा?" वीस ताव कमी म्हणजे कमीच.

वेष्टनावर एक शब्द असतो, जीएसएम. म्हणजे एक मीटर लांब आणि एक मीटर रुंद कागदाचे वजन किती ग्रॅम ते. जीएसएम ८० लिहिले असेल, तर त्या तुकड्याचे वजन ८० ग्रॅम. छापखान्यात आणि कचेरीत जो ए-चार मापाचा कागद चालतो, त्याचे सोळा ताव मिळून जवळजवळ एवढाच तुकडा होतो. हिशेब सोपा आहे. सोळा तावांना ८० ग्रॅम, म्हणजे एका तावाला ५ ग्रॅम. पाचशे तावांना २,५०० ग्रॅम. म्हणजे अडीच किलो. कागदात हवेतली ओल असते. म्हणून थोडा फरक पडतो. पण मोठा फरक पडत नाही.

आम्ही एकदा वर्गासाठी कागद घेतला. वेष्टनावर ८० लिहिले होते. वर्गातल्या त्याच आजी म्हणाल्या, "गुरुजी, धान्य आपण मोजून घेतो. कागद का नाही मोजायचा?" शेजारच्या दुकानात काटा होता. रीम ठेवला तर काटा सव्वादोन किलोच्याही खाली थांबला. म्हणजे तो सत्तरचा कागद होता! दुकानदाराला विनयाने सांगितले. तो आधी चिडला. मग काट्याकडे पाहिले आणि रीम बदलून दिला. त्या आजींना तेव्हा पन्नासाच्या पुढचे आकडे मोठ्या प्रयासाने वाचता येत. पण काट्यासमोर त्या सर्वांत हुशार ठरल्या.

मंडळी, शिक्षण म्हणजे काय, हे आम्हाला त्या दिवशी नीट कळले. मोठाले शब्द पाठ करणे म्हणजे शिक्षण नव्हे. शब्दाला विचारणे, "तू कोणते काम करतोस?" हे शिक्षण. काम सांगितले की डायजेस्टर चुलीजवळ येतो, बीटिंग उखळाजवळ येते आणि निप गुऱ्हाळाच्या चरकाजवळ येते. मग भय राहत नाही आणि फसगतही होत नाही.

तुमच्यापैकी कोणाचा मुलगा, भाऊ, जावई गिरणीत काम करीत असेल. त्याला घरी आल्यावर विचारा, "तिथल्या पाट्यांवर काय लिहिलंय?" त्याला सांगता आले नाही तर त्याला वर्गात घेऊन या. तात्या आता सुगीनंतर गिरणीत जात नाहीत. ते आमच्या वर्गात फळ्याशी उभे राहतात. उरलेल्या तीन बोटांत खडू धरतात आणि पहिला शब्द लिहितात, 'निप'. मग नव्या मुलांना विचारतात, "हे काय रे?" आणि सारा वर्ग ओरडतो, "चरकाचं तोंड!"



ध्यानात ठेवण्याचे शब्द

निप : दोन फिरत्या रुळांमधली, आत ओढणारी जागा. तेथे हात घालू नये.
डायजेस्टर : लगदा शिजवण्याचे मोठे बंद भांडे.
बीटिंग : लगदा कांडणे.
साइझ : कागदाची खळ.
रिकव्हरी : काळ्या पाण्यातून वाफ व क्षार परत मिळवणे.
ब्रोक : फाटलेला कागद, जो पुन्हा लगद्यात जातो.
रीम : आज ५०० ताव. विचारून घ्यावा.
जीएसएम : एक चौरस मीटर कागदाचे वजन, ग्रॅममध्ये.
बंदिस्त जागा : हवा तपासल्यावाचून आणि परवान्यावाचून उतरू नये.