ज्यांच्या वतीने आपण बोलतो

(पाड्यांवरील कामाची माहिती मंडळ्यांना देणाऱ्या स्वयंसेवकांपुढे कोल्हापूर येथे केलेले भाषण)



येत्या काही महिन्यांत तुमच्यापैकी पुष्कळजण निरनिराळ्या मंडळ्यांपुढे बोलायला उभे राहणार आहेत. उपासना संपलेली असेल, लोकांना घरी जायची घाई असेल आणि तुमच्या वाट्याला दहा मिनिटे येतील. त्या दहा मिनिटांत पाड्यावरच्या माणसांविषयी सांगायचे आहे. ती माणसे तिथे नसणार. तुम्ही चुकीचे सांगितले तर हात वर करून दुरुस्त करायलाही त्यांच्यापैकी कोणी नसेल. म्हणून भाषणाची तयारी ही नुसती वक्तृत्वाची बाब नाही. आपण दुसऱ्याच्या वतीने बोलतो, तेव्हा ती एक जबाबदारी असते.

याचे उदाहरण लांब शोधायला नको. नामदार गोपाळ कृष्ण गोखले याच कोल्हापुरात शिकले. जन्म १८६६ चा, रत्नागिरी जिल्ह्यातल्या कोतळूकचा. वडील कागलला नोकरीला. १८७९ मध्ये वडील वारले तेव्हा गोपाळ तेरा वर्षांचा होता. थोरले बंधू गोविंदराव यांनी स्वतःचे शिक्षण सोडून कागलला महिना १५ रुपयांची नोकरी धरली आणि त्यातले ८ रुपये ते गोपाळला शिक्षणासाठी पाठवत. १८८१ मध्ये गोपाळ मॅट्रिक झाला, मग राजाराम कॉलेजात गेला. पुढे ज्याचे भाषण व्हाइसरॉयलाही लक्ष देऊन ऐकावे लागले, तो हा मुलगा.

पण त्या भाषणाआधी त्यांना एक मोठी ठेच लागली होती. ती आपल्या फार कामाची आहे.

१८९७ मध्ये गोखले वेल्बी कमिशनपुढे साक्ष द्यायला विलायतेला गेले. हिंदुस्थानच्या सरकारी खर्चाची ती चौकशी होती. न्यायमूर्ती रानडे आणि गणेश व्यंकटेश जोशी या दोघांनी त्यांची तयारी करून घेतली होती. जोशी पेशाने शिक्षक, पण सरकारी अहवालांतले आकडे त्यांच्याइतके बारकाईने वाचणारा माणूस विरळा. ही साक्ष उलटतपासणीतही टिकली.

त्याच दिवसांत पुण्यात प्लेगची साथ होती. गोरे सोल्जर घरात शिरून झडती घेत, सामान बाहेर काढत. लोक गांजले होते. गोखल्यांना पुण्याहून मित्रांची पत्रे आली. त्यांत स्त्रियांवर अत्याचार झाल्याचेही लिहिले होते. गोखल्यांनी विश्वासाने ती माहिती विलायतेतल्या वर्तमानपत्रातून मांडली. मोठी खळबळ उडाली आणि सरकारने पुरावा मागितला. गोखले परत आले, तर पुढे येऊन सांगायला कोणी तयार होईना. अखेर त्यांना जाहीरपणे, कोणतीही अट न घालता माफी मागावी लागली.

माणूस एकच आणि वर्षही एकच. साक्षीतला एकेक आकडा पडताळलेला होता, म्हणून साक्ष उभी राहिली. पत्रांतली हकीकत पडताळलेली नव्हती, म्हणून ती कोसळली. नुकसान एकट्या गोखल्यांचे झाले नाही. झडत्यांचा जाच खरा होता. पण माफीनंतर त्या खऱ्या तक्रारींकडेही लोक संशयाने पाहू लागले. ज्यांच्यासाठी आपण बोलतो, त्यांची खरी गोष्टही एका न पडताळलेल्या गोष्टीमुळे बुडू शकते.

आता पाच वर्षे पुढे जाऊ. २६ मार्च १९०२, कलकत्ता. कायदेमंडळात अंदाजपत्रकावर चर्चा, अध्यक्षस्थानी लॉर्ड कर्झन. तिजोरीत मोठी शिल्लक पडली म्हणून सरकारचे कौतुक चालले होते. गोखल्यांचे तिथले हे पहिलेच अंदाजपत्रकी भाषण. त्यांनी सांगितले की या कौतुकात मला सामील होता येत नाही. ही शिल्लक लोकांच्या भरभराटीतून आलेली नाही.

याला त्यांनी दिलेला आधार पाहा. सरकारला दरवर्षी विलायतेत मोठी रक्कम पौंडांत द्यावी लागे. रुपया १३ पेन्सच्या आसपास घसरला, तेव्हा एका पौंडाला सुमारे साडेअठरा रुपये मोजावे लागत. ती तोंडमिळवणी करायला कर वाढवले गेले. पुढे रुपया १६ पेन्सवर आला आणि पौंड १५ रुपयांना पडू लागला. सरकारचा खर्च उतरला, पण कर होते तिथेच राहिले. शिल्लक आली ती तिथून. आणि मधल्या काळात देशाने १८९६-९७ आणि १८९९-१९०० असे दोन भयंकर दुष्काळ सोसले होते. मिठावर मणामागे अडीच रुपये कर होता, तो कमी करा अशी त्यांची मागणी होती. आकडे सगळे सरकारचेच असल्यामुळे ते खोटे म्हणायची सोय उरली नाही. ते जुळवायला या वेळीही जोशी मदतीला होते.

मिठाचा कर १९०३ मध्ये दोन रुपयांवर, १९०५ मध्ये दीड रुपयावर आणि १९०७ मध्ये एका रुपयावर आला. हे एका भाषणाने झाले असे मी म्हणणार नाही. मागणी पुष्कळांची होती आणि वर्षानुवर्षांची होती. पण त्या मागणीला नाकारता न येणारा हिशेब १९०२ च्या भाषणाने दिला.

आता आपल्या दहा मिनिटांकडे येऊ.

पहिले काम शोधाचे. बोलायच्या विषयाचे एक वाक्य कागदावर लिहा. ‘पाड्यावर फार हाल आहेत’ हे वाक्य चालणार नाही. ‘या पाड्यावरच्या बायकांना उन्हाळ्यात पाण्यासाठी इतके अंतर चालावे लागते’ हे चालेल. मग ते अंतर स्वतः चालून पाहा. मुलांच्या वजनाविषयी बोलायचे असेल, तर अंगणवाडीताईंना भेटा, नोंदी काय सांगतात ते विचारा. जमिनीविषयी बोलायचे असेल, तर ग्रामसभेचा ठराव पाहा. ‘असे ऐकले’ आणि ‘असे पाहिले’ यांच्यामध्ये वहीत एक रेघ ओढा. रेघेच्या ऐकीव बाजूला जे राहील, ते पडताळून होईपर्यंत बोलू नका.

दुसरे काम आधाराचे. प्रत्येक मुद्द्याला एक आकडा आणि एक माणूस पुरतो. नुसता आकडा कोरडा पडतो. नुसत्या हकीकतीवर ‘हे एकाच घरचे असेल’ असे लोक म्हणतात. आणि मोठा आकडा ऐकणाऱ्याच्या घरात आणून ठेवा. चार किलोमीटर म्हणजे किती, हे कोल्हापूरच्या माणसाला ओळखीच्या रस्त्यावर मोजून सांगा. शिवाय आपल्यातही एखादा ‘जोशी’ शोधा. भाषण त्याला आधी वाचून दाखवा आणि ‘हे कशावरून?’ असे जागोजागी विचारायला सांगा. तो प्रश्न घरी ऐकलेला बरा.

तिसरे काम बोलण्याचे. सावकाश बोलले तर दहा मिनिटांत हजारेक शब्द होतात, त्याहून जास्त लिहू नका. मोठ्याने वाचून घड्याळ लावा. आकडे कागदावर पाहूनच सांगा, त्यात कमीपणा नाही. आवाज चढवून रडू आणण्याचा प्रयत्न करू नका. ऐकणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी आले तर येऊ दे, पण ते घरी गेल्यावर त्याच्याजवळ एक पक्की गोष्ट राहिली पाहिजे. शेवटी नेमके एकच मागा. आणि कोणी न येणारा प्रश्न विचारला, तर ‘विचारून कळवतो’ म्हणा आणि खरोखर कळवा.

एक गोष्ट राहिली. मी तिला सर्वांत महत्त्वाची मानतो. कोणाचे नाव, आजार किंवा घरातले दुःख सांगायचे असेल, तर आधी त्या माणसाला विचारा. तो नको म्हणाला तर ती हकीकत कितीही परिणामकारक असली तरी सोडून द्या. आणि जमेल तेव्हा भाषण तयार झाले की ते पाड्यावर नेऊन, अंगणात बसून, त्यांच्यासमोर वाचा. एखादी म्हातारी मध्येच म्हणेल, ‘असं नाही बाबा, असं झालं होतं.’ तिथेच पेन काढून वाक्य दुरुस्त करा. मगच मंडळीपुढे उभे राहा.